मागच्या थप्पीचं पाणी

२० नोव्हेंबर १९९४, केदारखेडा

जावयानं दिलेली ही डायरी वर्षभर कोरीच पडली होती. आज उघडली. डिसेंबर संपला की मागं जाऊन जानेवारीच्या पानांवर साल खोडून लिहीन. कागद वाया घालवायची मला सवय नाही.

लिहायचं कारण एवढंच, की एसटीच्या डेपोत मी बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं आणि तिथं एक गोष्ट शिकलो. तोंडी ठरलेलं माणूस विसरतो आणि सोयीचं असेल तर जास्तच लवकर विसरतो. तेव्हा काय ठरलं ते लिहून ठेवतो. विटा दाबायचं यंत्र महेमूद लोहार करणार. माती, सिमेंट आणि जागा माझी. पहिल्या विटांतून माझं दोन खोल्यांचं घर. ते पाहून गावातून मागणी आली तर पुढच्या कामात दोघं निम्मे-निम्मे.

गेल्या वर्षी लातूरकडं भूकंप झाला, तेव्हापासून उषा घरात झोपत नाही. आमचं घर दगडमातीचं, वर धाबं, म्हणजे लाकडावर हातभर माती. ती म्हणते, "ही माती उरावर घेऊन मी निजायची न्हाई." चौदा महिने झाले, गोठ्याच्या पत्र्याखाली खाट टाकून झोपते. पावसाळाही तिथंच काढला. लोक विचारतात, तातेराव, वहिनी रुसल्या काय. मी हसण्यावारी नेतो, पण मनाला लागतं. तिला मी कबूल केलंय, येत्या पावसाळ्याआधी छपराखाली नेईन.

हे यंत्र मी जालन्याच्या शेतकी प्रदर्शनात पाहिलं. भट्टी नको, जळण नको. मुरमाड माती, तिच्यात पंधरा घमेल्यांना एक घमेलं सिमेंट, थोडा ओलावा. साच्यात भरा, लांब दांडा ओढा, वीट तयार. तिथला माणूस चहाला गेला तेव्हा मी सुतळीला गाठी मारून सगळी मापं घेतली. हल्ली कोणी कशावर लक्ष ठेवत नाही.

२७ नोव्हेंबर

यंत्र झालं. जुन्या ट्रकचं चॅनल, ट्रॅक्टरच्या पिना आणि पाण्याचा पाइप, एवढ्यातून महेमूदनं ते उभं केलं. त्याच्या हाताला तोड नाही, हे कबूल करायला हवं. गावातली निम्मी सायकल-कोळपी त्याचीच आहेत. मोडक्या सायकलचं चाक आणि दांडी घेतो, मागं लोखंडाची पास, म्हणजे आडवं पातं जोडतो, आणि बैल नसलेला माणूसही एकट्यानं तण काढतो.

पण दोन गोष्टी खटकल्या. एक, दांडा मी दिलेल्या मापापेक्षा हातभर लांब आहे. विचारलं तर म्हणाला, "भाऊ, तुमाला आखूड बी चालला असता. पण कधी वहिनीला ओढायचा झाला तर लांब पाहिजे." उषाला दांडा ओढायला कोण सांगतंय? दुसरी गोष्ट, त्याच्या दुकानाच्या भिंतीवर खडूनं माझ्या यंत्राचं चित्र काढलेलं आहे, मापांसकट. काम झालं, मग चित्र अजून कशाला ठेवलंय?

२ डिसेंबर

आज दोनशे दहा विटा पाडल्या. मी माती भरली, महेमूदनं दांडा ओढला, उषानं विटा उचलून ओळीनं मांडल्या. वीट साच्यातून वर येते तेव्हा कडा इतक्या सरळ असतात की पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं. दुपारी आम्ही तिघं माती चाळायच्या चाळणीभोवती बसून भाकरी खाल्ली. फार दिवसांनी बरं वाटलं.

संध्याकाळी जाताना महेमूद म्हणाला, "भाऊ, उद्यापासून याला पाणी पाजा. सकाळ-संध्याकाळ शिंपडायचं, वरून ओलं बारदान टाकायचं. तीन हप्ते. ऊन बिलकुल लागू देऊ नका."

"मातीच्या विटेला पाणी?"

"माती हाय, पण आत सिमेंट हाय ना. ते प्यासं राह्यलं तर वीट मरती. मी लातूरकडं कामाला गेल्तो, तिथं असंच करून राह्यले."

मी मान हलवली. तो गेल्यावर एक ताजी वीट गोठ्यामागं नेली आणि तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं. पाच मिनिटांत चिखल झाला. उषा बघत होती. म्हणाली, "ते उद्यापासून म्हणले. अन् शिंपडा म्हणले. तुमी तर आजचीच वीट बुडवली." बाईमाणसाला बारीकसारीक शब्द धरायची खोडच असते. चिखल तो चिखल.

आता प्रश्न एवढाच, की महेमूदनं मला असा सल्ला का द्यावा?

३ डिसेंबर

मच्छिंद्र विटा बघायला आला होता. त्याची वीटभट्टी आहे, म्हणजे माझं हे काम त्याच्या डोळ्यात खुपणारच. मी मुद्दाम विचारलं, कच्च्या विटेला पाणी मारतात का. तो हसला. "येडा झाला का तातेराव? ऊन दाखव चांगलं. खडखडीत वाळू दे."

यावर मी बराच विचार केला. माझं नुकसान व्हावं असं वाटणारा माणूस खोटंच सांगणार. पण मी त्याचं खोटं मानणार हे त्याला ठाऊक आहे. म्हणून त्यानं मुद्दाम खरं सांगितलं, की मी त्याच्या उलट करावं. तेव्हा ऊनच बरोबर. या गाठी सोडवायला बावीस वर्षं स्टोअरच्या खिडकीत बसावं लागतं.

महेमूदला मात्र काही बोललो नाही. विटा बिघडल्या की मी कंटाळून हे सोडून देईन आणि यंत्र त्याच्या दुकानात जाईल, असा त्याचा डाव दिसतो. मी गप्प राहून बघणार.

९ डिसेंबर

अंगणातली जागा संपली. पुढच्या थप्पीत नऊशे विटा झाल्या. त्या माझ्या डोळ्यासमोर असतात. सकाळी तिथंच बाजेवर बसून मी चहा घेतो आणि रेडिओ ऐकतो. आता नव्या विटा गोठ्यामागं, आडाजवळ रचतोय. तिथं सावली असते, पण इलाज नाही.

पेंडीची सहा रिकामी पोती ओट्यावर होती, त्यातली चार नाहीत. उषाला विचारलं. म्हणाली, "उंदरांनी कुरतडली, फेकून देल्ली." पोत्यांबरोबर पोत्यांचा एक धागाही सापडू नये, असे उंदीर मी पाहिले नाहीत. शेजारपाजारच्यांवर नजर ठेवायला हवी.

१२ डिसेंबर

मागची थप्पी ओली आहे. सकाळी सात वाजता हात लावून पाहिला. वरच्या विटा काळसर पडल्यात आणि फटीतून पाणी खाली गेलंय. पुढची थप्पी कोरडी ठणठणीत. दव पडलं म्हणावं, तर दव थप्पी बघून पडत नाही.

कोणीतरी माझ्या विटा विरघळवायला बसलंय. मन अगदी कडू झालं. आपण कोणाच्या अध्यात ना मध्यात, आणि लोकांना आपलं दोन खोल्यांचं घरसुद्धा बघवत नाही.

उषाला सांगितलं. तिला काळजी वाटली असावी, कारण हातातली बादली तिनं पटकन खाली ठेवली. म्हणाली, "विरघळल्या का मंग?" मी म्हणालो, अजून नाही, पण विरघळतील. ती म्हणाली, "बरं."

१५ डिसेंबर

आज काम नव्हतं, म्हणून महेमूदच्या दुकानावरून सहज गेलो. तो वेल्डिंग करत होता. खाली लोखंडी पट्ट्या कापून ठेवलेल्या, सगळ्या जोडीनं. मला पाहून त्यानं पायानं त्यांच्यावर पोतं ओढलं. विचारलं, काय चाललंय. म्हणाला, "काई न्हाई भाऊ, किरकोळ हाय." जोडीनं पट्ट्या म्हणजे एक नाही, दोन यंत्रं.

उषाला खोकला झालाय आणि हातांना भेगा पडल्यात. बोटांच्या टोकांतून रक्त येतं. थंडी आहे, आणि ही पहाटे पाचला उठून गुरांचं करायला जाते. मी म्हणालो, जरा उशिरा उठत जा. म्हणाली, गुरं थांबत नाहीत. लुगड्याचा काठ सकाळी नेहमी ओला असतो, त्यानं खोकला होणार नाही तर काय होईल. तिला खोबरेल आणून दिलं.

१६ डिसेंबर

आज पहाटे पाळत ठेवायला मागच्या थप्पीजवळ घोंगडं पांघरून बसलो. पाच वाजता उषा कंदील घेऊन आली, मला बघून दचकली. "इथं थंडीत काय करून राह्यले? छाती भरंल तुमची." चहा करून दिला, पण बराच वेळ तिथंच घुटमळत राहिली. मी नऊ वाजेपर्यंत बसलो. कोणी आलं नाही. दिवसभर थप्पी कोरडी.

म्हणजे माझ्या पाळतीची बातमी बाहेर गेली. मी कोणालाही सांगितलं नव्हतं. चोर हुशार आहे.

१८ डिसेंबर

कालपासून पुन्हा ओली. डेपोत टायर जात होते तेव्हा मी दारात पावडर पसरून चोर पकडला होता. आज झोपताना चुलीतली राख चाळून मागच्या थप्पीभोवती पातळ पसरली. उषाला सांगितलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही.

१९ डिसेंबर

सापडला. म्हणजे सापडली.

राखेत पावलं होती. अनवाणी, लहान, बाईची. मी सुतळीनं लांबी घेतली आणि गाठ मारली. गावात कोणत्या बाईला माझ्या विटांचं काय पडलंय, असा विचार करत गेलो आणि महेमूदच्या बायकोपाशी येऊन थांबलो. पाणी मारा म्हणून सांगणारा तोच. मी ऐकलं नाही, तर घरातलं माणूस पाठवून मारून घेतोय.

आज बाजार. महेमूदच्या दुकानापुढं कोळप्याला धार लावायला आलेले दहा-बारा जण उभे होते. त्याची बायको कमरबी भट्टीचा पंखा फिरवत होती. तिच्या चपला उंबऱ्यापाशी होत्या. मी वाकून सुतळी लावली. बरोबर गाठीशी गाठ.

मी म्हणालो, "भाभी, माझ्या विटांवर पाणी कोण मारतं?"

पंखा थांबला. "कोणत्या विटा, भाऊ?"

"मागच्या थप्पीच्या. राखेत तुमचे पाय उमटलेत. ही सुतळी, ही तुमची चप्पल. सगळ्यांनी बघून घ्या."

लोक पुढं सरकले. कोणीतरी हसलं. कमरबीनं पदर ओढून घेतला. ती म्हणाली, "भाऊ, मी तुमच्या घरामागं कशाला येऊ? तुमच्याच घरात..."

"चूप," महेमूद म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "भाऊ, जे बोलायचं ते मला बोला. माझ्या बाईला भर बाजारात सुतळीनं मापू नका."

"मग तू सांग, पाणी कोण मारतंय?"

त्यानं घण खाली ठेवला. "मला ठाऊक हाय," म्हणाला. "पण मी सांगणार न्हाई."

यापेक्षा वेगळा कबुलीजबाब कसा असतो? मी घरी आलो. जिंकल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटत नाही. फाटलेली जागा सापडली तरी कापड फाटलेलंच असतं, तसं काहीतरी.

२० डिसेंबर

उषा माझ्याशी बोलत नाही. ताट वाढून निघून जाते. काल बाजारातलं तिला कोणीतरी सांगितलं असणार. मी म्हणालो, मी हे सगळं तुझ्या घरासाठीच करतोय. ती गोठ्यात गेली आणि बराच वेळ आली नाही.

२४ डिसेंबर

महेमूद पाच दिवस आलेला नाही. यंत्र अंगणात तसंच उभं आहे. कमरबी पोरीला घेऊन माहेरी, पिंपळगाव रेणुकाईला निघून गेली म्हणतात.

आणि मागची थप्पी आज सकाळीही ओली.

मी दोन तास आडावर बसून विचार केला. कमरबी तर गावात नाही. म्हणजे तिच्या जागी आता दुसरं कोणी आलंय. मच्छिंद्र आणि महेमूद आतून एक असणार. एकानं ऊन सांगायचं, दुसऱ्यानं पाणी, म्हणजे मी कुठूनही फसावं. पण मच्छिंद्रच्या घरात इतक्या लहान पावलांची बाई नाही. हे जुळत नाही. जुळेल.

३१ डिसेंबर

गोठ्याच्या खांबावर कोळशानं ओढलेल्या रेघा दिसल्या. मोजल्या, एकवीस. उषाला विचारलं तर तोंड न वळवता म्हणाली, "म्हशीचे दिवस मोजते." म्हैस तर दिवाळीतच व्यायली. हिला साधा हिशेब जमत नाही. बिचारीचं मन थाऱ्यावर नाही हल्ली.

डायरीची पानं संपली. उद्यापासून पुढची, म्हणजे मागची.

४ जानेवारी, साल खोडून १९९५

कडूबा गवंड्याला बोलावलं. बांधकाम आता सुरू केलं नाही तर उन्हाळ्यात आडाला पाणी राहणार नाही. कडूबा म्हातारा आणि हट्टी आहे. म्हणाला, "तातेराव, मी तुझ्या विटा आधी बादलीत घालणार. रात्रभर राह्यल्या तर बांधीन. पाऊस काय इचारून येतो?" मला राग आला, पण इलाज नव्हता. त्यानं पुढच्या थप्पीतल्या तीन विटा एका बादलीत घातल्या, मागच्या तीन दुसऱ्या बादलीत. मी सांगून ठेवलं, की मागच्या नासल्या तर तो माझा दोष नाही, त्या कोणीतरी मुद्दाम भिजवल्यात.

उषा भिंतीला टेकून उभी होती. आज जेवली नाही.

५ जानेवारी

कडूबानं आधी पुढच्या विटांच्या बादलीत हात घातला. मूठभर चिखल वर आला. पुन्हा घातला, पुन्हा चिखल. तीनपैकी एकही वीट उरली नव्हती.

मग दुसऱ्या बादलीतून त्यानं तीन विटा काढल्या. एक एक करून, अख्ख्या. दोन एकमेकींवर वाजवल्या, तर टणक आवाज आला. थापीच्या टोकानं खरवडून पाहिलं, नुसती रेघ उठली.

"ही काय भानगड?" कडूबा म्हणाला. "एकच माती, एकच यंत्र. याला पाण्याची तराई कोणी केली?"

मी म्हणालो, "तराई नाही, नासवायला कोणीतरी पाणी..." आणि बोलता बोलताच मला ऐकू आलं मी काय बोलतोय ते.

"मी केली," उषा म्हणाली. तिनं दोन्ही हात पुढं धरले, भेगा पडलेले. "एकवीस रोज. महेमूदभाऊंनी सांगितली तशी. पुढच्यांना करता आली न्हाई, तिथं हे बसतात."

कडूबानं आमच्या दोघांकडं पाहिलं आणि पागोटं सारखं केलं. मग तिला म्हणाला, "वहिनी, पुढच्या मोडून पुन्हा पाडा. मागच्यांवर मी घर उभं करतो."

६ जानेवारी

काल पुढं लिहिता आलं नाही.

उषानं सगळं सांगितलं. मी वीट बुडवली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती महेमूदकडं गेली होती. तो म्हणाला, मी भाऊला समजावतो. ती म्हणाली, ते तुमचं ऐकणार नाहीत, उलट करतील. मी चोरून करते, पण तुम्ही दोघांनी कोणाला सांगायचं नाही. महेमूदनं आणि कमरबीनं शब्द दिला. पहाटे पोती कशी अंथरायची आणि मी उठायच्या आत कशी उचलायची, तेसुद्धा कमरबीनंच तिला दाखवलं.

म्हणजे त्या दिवशी बाजारात कमरबीला फक्त माझ्या बायकोचं नाव घ्यायचं होतं. एक नाव घेतलं असतं तर हसणारे लोक माझ्याकडं वळले असते. ती "तुमच्याच घरात" एवढंच म्हणाली, आणि महेमूदनं तेही पुरं होऊ दिलं नाही.

मी उषाला म्हणालो, मग तू त्या दिवशी तरी का नाही बोललीस. ती रडायला लागली. "बोलले असते तर तुमी मागच्या विटा बी उन्हात टाकल्या असत्या. मला घर पाहिजे व्हतं. कमरबीची अब्रू गेली तरी मला घर पाहिजे व्हतं. मी बी काही चांगली न्हाई."

मला लाज वाटते. दुसरा शब्द सापडत नाही.

९ जानेवारी

दोघं एसटीनं भोकरदनला, तिथून पिंपळगाव रेणुकाईला गेलो. कमरबी भावाच्या ओट्यावर ज्वारी निवडत होती. उषा तिच्याजवळ जाऊन बसली. दोघी खडे वेचत राहिल्या. मी उभाच. शेवटी म्हणालो, "भाभी, चूक झाली. माफ करा."

ती सूप हलवत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, इथं माफी मागून काय व्हतं? इथं मला कोणी काई म्हणलं न्हाई. जिथं म्हणलं तिथं म्हणा. तवर मी येत न्हाई."

तिनं आवाज चढवला नाही. आम्हाला चहाही दिला. परतीच्या गाडीत उषा खिडकीकडं तोंड करून बसली होती आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. प्रत्येक वाक्यात मी थोडा कमी दोषी निघत होतो.

१६ जानेवारी

बाजार. महेमूदच्या दुकानापुढं तसेच लोक. कमरबीला तिचा भाऊ घेऊन आला होता. ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

मी म्हणालो, "गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी मी इथं या भाभींवर आळ घेतला. तो खोटा. माझ्या विटांना माझ्या बायकोनं पाणी घातलं. मला न सांगता घातलं, कारण मी ऐकलं नसतं. तिच्यामुळं विटा टिकल्या. माझ्या हातात होत्या त्या सगळ्या गेल्या."

लोक हसले. मच्छिंद्र सगळ्यांत मोठ्यानं हसला. हसू दे. ऊन दाखव म्हणाला तेव्हा तो फक्त त्याला माहीत होतं ते सांगत होता, बाकीचं सगळं मी रचलं. महेमूद हसला नाही. त्यानं कमरबीकडं पाहिलं. ती आत गेली आणि पंखा फिरवायला बसली.

२ फेब्रुवारी

भिंती खिडकीच्या उंचीला आल्या. पुढच्या विटा फोडून, माती चाळून, थोडं सिमेंट वाढवून नऊशे विटा आम्ही दोघांनी पुन्हा पाडल्या. दांडा उषानं ओढला. हातभर लांब आहे म्हणून तिला जमलं.

दुपारी महेमूद बैलगाडीत दोन लोखंडी चौकटी घेऊन आला. दोन खोल्या, दोन दारं. जोडीनं कापलेल्या पट्ट्या त्याच. घर होईल तेव्हा आमच्याकडून भेट द्यायची म्हणून त्यानं आणि कमरबीनं ठरवलं होतं, भूकंपात दार वाकू नये म्हणून कोपऱ्यांत जास्तीचा आधार दिलाय.

त्यानं ओळंबा लावला, कडूबाबरोबर चौकटी उभ्या केल्या, हात झटकले. मी म्हणालो, महेमूद, मागणी यायला लागलीय, ठरल्याप्रमाणं निम्मे-निम्मे. तो म्हणाला, "ते तुमीच करा, साहेब. यंत्र तुमच्याकडंच राहू द्या. काई मोडलं तर बोलवा, दुरुस्त करून देईन."

पंधरा वर्षांत त्यानं मला कधी साहेब म्हटलं नव्हतं. उषानं आणलेला चहा त्यानं घेतला, तिला "वहिनी" म्हणाला, तब्येत विचारली. जाताना मला पुन्हा एकदा "येतो, साहेब". मी गाडी वळेपर्यंत उभा होतो. फार लागलं.

११ फेब्रुवारी

नव्या भिंतींची तराई चालू आहे. मी आडाचं पाणी ओढतो, उषा शिंपडते. आता दोघांनी, दिवसाउजेडी. तिच्या हातांच्या भेगा भरत आल्यात. छताचे पत्रे पुढच्या आठवड्यात चढतील. त्याच रात्री खाट आत टाकीन म्हणाली.

आज मी तिला विचारलं, "सगळ्या गावाचं सोड, पण मला तरी आधी सांगायचं होतंस. मी तुझ्यावर कधी संशय घेतलाय का?"

ती म्हणाली, "न्हाई घेतला. मी तुमाला काई सांगितलंच न्हाई ना कधी. सांगितलं असतं तर पहिलं इचारलं असतं, यात तुझा काय फायदा."

मी म्हणालो, असं कसं विचारीन. ती बादली घेऊन पुढच्या भिंतीकडं गेली.

विचारलं असतं. आणि तिनं सांगितलं असतं की मला छपराखाली झोपायचंय, एवढाच फायदा, तर त्यावर माझा विश्वास बसला नसता.